दुधाच्या टेम्पोची वास्तुशांत

आख्ख्या शिरूर-दौंडात चाकावरचं घर पयल्यांदा कुणी आणलं आसंल तर ते मी. घर म्हंजी माझा दुधाचा टेम्पो, त्यात आईची बाज दोरीनं बांधलेली, आन् पयल्याच वळणाला ती बाज आईसकट मागच्या फळीवर जाऊन आदळली.

ह्ये सगळं माझी थोरली लेक लिहून घेतीया, तवा शुद्धलेखन तिचं आन् चुका माझ्या. मी शाळंत गेलोच न्हाई आसं न्हाई. रोज जायचो, मास्तरांना दूध घालाय. आत कवा बसलो न्हाई एवढंच.

तवा मी न्हावऱ्याच्या आजूबाजूच्या वस्त्यांवरनं दूध गोळा करून डेअरीला घालायचो. गावात मोबाईल एकाच्याच खिशात व्हता, आन् त्यो बी रेंज घावावी म्हणून पाण्याच्या टाकीवर चढायचा. एकदा दौंडकडच्या एका कंपनीत भाड्यानं माल उतरवाय गेलो, तर सायबाच्या केबिनमधी कॅलेंडर. त्यावर एक गोरं कुटुंब. मागं बसएवढी गाडी, गाडीला खिडक्या, खिडक्यांना पडदं. पुढं घडीच्या खुर्च्या. बाप्या पायावर पाय टाकून बसलाय, पोरं हसत्यात, बाई बी हसतीया.

"सायेब, ही काय भानगड?" मी इचारलं.

"त्यांच्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत असं घरच घेऊन निघतात," सायेब म्हणला. "झोपायचं आत, सैपाक आत. पाळण्याची पार्कं, पाण्याची पार्कं, पोरांना सगळीकडं फिरवतात."

झालं. दुसरा कुणी आसता तर कॅलेंडर बघून तारीख बघितली आसती. मी घरी येऊन जाहीर केलं, की औंदा सुट्टीत आपुन बी घर घिऊन निघणार. तीन दिस. पयल्या दिशी पुण्याच्या पल्याडचं पाळण्याचं पार्क, दुसऱ्या दिशी पाण्याचं, तिसऱ्या दिशी परत. धाकटा सात वर्सांचा, त्यो उड्याच मारायला लागला. थोरली धा वर्सांची, तिनं वहीत नकाशा काढला. आई म्हणली, "मी बी येती, तुझा भरोसा न्हाई."

आमची मंडळी चुलीम्होरं बसली व्हती. मे म्हयना, कांदा काढाय माणसं लावलेली, ती सकाळपासनं भाकरी थापत व्हती. तोंड लाल, कपाळावर पीठ. ती मागं न बघताच म्हणली, "मला पाळणा नको आन् पाणी बी नको. मला काय बघायचंच न्हाई. पर येते. फकस्त तीन दिस माझ्या हाताला पीठ लागाय नको."

"एवढंच?"

"बारा वर्सं झाली लगीन हून. माहेरी गेले तरी भावजय म्हणती, वन्सं, तुमच्या हातची भाकर लई पातळ व्हती. एवढंच."

मी गळ्याला चिमटा घिऊन म्हणलं, "देवाशप्पथ. तीन दिस तू महाराणी."

ती पयल्यांदा मागं वळली आन् माझ्याकडं बघितलं. तिला खरं वाटलं. तिथंच घोळ झाला. माझं खरं कुणी मानीत न्हाई म्हणून तर माझं आयुष्य बरं चाललं व्हतं.

मंग मी घर बांधाय घेतलं. टेम्पो सोड्यानं तीनदा धुतला. तरी आंबट दुधाचा वास काय जाईना. पुढं तीन दिस आमी ताकाच्या माठात बसून फिरल्यावानी फिरलो, आन् थांबलं तिथलं मांजर आमच्यामागं. वरनं हिरवी ताडपत्री, आत बाज, गाद्या, खिडकी म्हणून एका बाजूची ताडपत्री गुंडाळली आन् तिला मंडळींच्या जुन्या साडीचा पडदा. मंडपवाल्याच्या दोन लोखंडी खुर्च्या. आन् एका कोपऱ्यात गॅसची टाकी आन् शेगडी.

"ही कशाला?" मंडळींनी इचारलं.

"च्यापुरती. च्या मी करणार."

निघायच्या पहाटं आईनं परात, तवा आन् बाजरीच्या पिठाची गोणी आणून ठिवली. आमची आई मेंढरांमागं वाढलेली. तिच्या लहानपणी आख्खा वाडा, म्हंजी मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरं, सगळं बिऱ्हाड दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचं. त्यामुळं माझ्या नव्या शोधाकडं ती बघायची ती, जावयाच्या नव्या चपलंकडं बघावं तशी.

"आमच्या घोड्यावर ह्याच्याहून जादा सामान ऱ्हायाचं," ती म्हणली. "आन् घोडं डिझेल पीत नव्हतं."

"आत्या, तवा कशाला पर?" मंडळींचा डोळा तिथंच.

"आसू दे गं," मीच मधी पडलो. "घर म्हणल्यावर तवा पायजेच. शोभंला." शोभंला! ह्या तोंडाला कुणीतरी तवाच टाका घालाय पायजे व्हता.

चौफुल्यावरनं पुण्याकडं वळलो आन् भांडगावला आक्काच्या दारात पाच मिनिटं थांबायचं ठरलं. थोरली बहीण हायवेला राहती, तिच्या दारावरनं न थांबता गेलो आसतो तर तिनं पुढची राखी पोस्टानं बी धाडली नसती. ती भाकरतुकडा घिऊन आली, पोरांवरनं ववाळून टाकला. मागनं तिचे सासरे आले, आबा. त्यांनी काठीनं ठोकत टेम्पोला एक फेरी मारली, म्हैस घ्यायची आसल्यावानी.

"घर हाय म्हणतोस?"

"घरच हाय की आबा. पडदं बघा."

"दार कुठल्या दिशेला?"

"गाडी वळंल त्या दिशेला."

आजूबाजूची चार माणसं हसली. आता, हसलेल्या माणसाला मी कवा मधीच सोडलेलं न्हाई, हा माझा रोगच हाय.

आबा काय हसले न्हाईत. "वास्तुशांत केली का?" म्हणाले.

"टेम्पोची?"

"आरं, टेम्पो म्हण न्हाईतर घर म्हण, येकच म्हण. टेम्पो आसंल तर सरळ पुढं जा. घर आसंल तर बिनाशांतीचं त्यात लेकरं निजवू नगंस."

आता हितं मी "टेम्पोच हाय आबा" आसं म्हणलो आसतो तर धा मिनिटात यवत गाठलं आसतं. पर तिथं माणसं जमल्याली. मी छाती काढून म्हणलं, "घर हाय! करून टाकू शांत, त्यात काय!"

नारळ बोनेटवर फुटला, बोनेटला पोचा आला. शेजारचं कुणी पाण्याचा तांब्या आणला, कुणी ब्लाऊजपीस, एकानं तर भिंतीवरचं घड्याळ आणलं. घराला भिंत नव्हती म्हणून ते ताडपत्रीच्या कडीला टांगलं. आन् मंग आक्कानं पदर खोचायच्या ऐवजी सोडला, आमच्या बाजेवर पाय वर घिऊन बसली आन् म्हणली, "आज माझी चूल बंद. नव्या घरातलं पयलं जेवण त्या घरच्या लक्षुमीच्या हातचं. इतकी वर्सं तू माझ्याकडं जेवलास, भाऊ, आज मी तुझ्या घरी आली."

मंडळींनी मला टेम्पोच्या मागं बोलावलं. "अवो, देवाशप्पथ कुणी म्हणलं व्हतं?"

"अगं, ह्ये शांतीचं जेवण. देवाचं काम. ह्ये आपल्या तीन दिसात धरायचं न्हाई."

"बरं," ती म्हणली.

तिचं 'बरं' कसं आसतं ते सांगतो. म्हशीनं लाथ मारायच्या आधी शेपूट हलवायची थांबवावी, तसं.

आबांच्या भावकीसकट किती पानं उठली, मला ठावं न्हाई. मी वाढत व्हतो आन् इनोद करीत व्हतो. टेम्पोच्या फळीवर बसून ती भाकरी थापत व्हती, वरनं ताडपत्री तापलेली, खाली शेगडी. सगळे म्हणत व्हते, काय पातळ भाकर हाय! मी म्हणायचो, "आमच्या घरची हाय!" दुपार कलली तवा आमी निघालो. पाळण्याचं पार्क त्याच दिशी गेलं. थोरलीनं वहीतल्या नकाशावर त्याच्यावर फुली मारली, बापाच्या तोंडाम्होरं धरून.

कासुर्डीच्या पुढं इंजिन तापलं. एका कडूलिंबाखाली गाडी घेतली. ऊन उतरलं व्हतं, वारा व्हता. मला कॅलेंडर आठवलं. मी दोन्ही खुर्च्या काढून रस्त्याच्या कडंला मांडल्या, एका खुर्चीवर बसलो, पायावर पाय टाकला आन् मंडळींना म्हणलं, "ये, बस. महाराणी!"

ती आली. खरंच आली. खुर्चीवर बसली, पाय लांब केले, वाऱ्याकडं तोंड केलं. मी कबुलीप्रमाणं शेगडीवर च्या ठिवला. पाचच मिनिटं झाली आसतील. तेवढी पाच मिनिटं माझ्या हातनं आयुष्यात एक चांगलं काम झालं आसं धरा.

एक दहाचाकी ट्रक आमच्याम्होरं थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, रिकाम्या खुर्चीवर बसला आन् म्हणला, "चाचा, खाने में क्या है?"

माझ्या हिंदीचं शिक्षण दुधाच्या कॅनवर झाल्यालं. मला वाटलं, हा बिचारा आपुलकीनं इचारतोय, जेवलात का म्हणतोय. दारात आलेल्या माणसाला आमच्यात न्हाई म्हणत न्हाईत. मी म्हणलं, "सब है! बैठो, बैठो! अपना ही घर समजो!"

"तो चार आदमी का लगा दो."

मी मंडळींकडं वळलो. "पावणे आल्यात."

"कुणाचे?"

"आपलेच म्हणायचे आता."

ती खुर्चीवरनं उठली. थोरली म्हणली, "आप्पा, त्यांना वाटतंय आपला ढाबा हाय."

"ढाबा कसा वाटंल? पडदं हायेत की!"

"हिरवी ताडपत्री, गॅस आन् बाहेर खुर्च्या. ढाबाच हाय, आप्पा."

तवर दुसरा ट्रक थांबला, कारण पयला थांबला व्हता. त्याच्यामागं तिसरा. आता त्यांना काय सांगणार, की ह्यो दुधाचा टेम्पो हाय, त्याची सकाळीच वास्तुशांत झाली आन् आमी सुट्टीवर हाय? तेवढी हिंदी मला येत नव्हती. खरं सांगू का, येत आसती तरी मी सांगितलं नसतं. चार परके गडी माझ्या अंगणात बसून मला चाचा म्हणत व्हते. आक्कानं दिलेली वांगी संपली, मंग कांदा आन् चटणी. उठताना त्यातला एक म्हणला, "कितना हुआ?" मी कानाला हात लावला. "पाव्हण्याचे पैसे घ्यायचे असतात व्हय?" ते सगळे एकमेकांकडं बघाय लागले. असला ढाबा त्यांनी आख्ख्या हिंदुस्थानात बघितला नसणार. एकानं तर जाताना माझ्या पायाला हात लावला.

मी फुगून मंडळींकडं बघितलं. ती परात धूत व्हती. हातावरचं पीठ वाळून पापुद्रं निघत व्हते, ती ते खरवडत व्हती. ह्या खेपंला 'बरं' सुद्धा न्हाई.

आई बाजेवरनं म्हणली, "पाव्हणचार झाला का? मंग आता बायकूला सांभाळ."

दुसऱ्या दिशी सकाळी पाण्याचं पार्क. लांबनंच निळ्या-पिवळ्या घसरगुंड्या दिसाय लागल्या, आन् धाकटा खिडकीतनं जवळजवळ बाहेरच पडला. गेटाशेजारी मोठा रंगीत बोर्ड व्हता. मी म्हणलं, स्वागताचा आसणार. पोरांना त्याच्याम्होरं उभं केलं, आईला उभं केलं, मी मिशीचा आकडा पिळून मधी. एका पाव्हण्याच्या कॅमेऱ्यात फोटो काढून घेतला. त्याला पत्ता बी दिला. काढून झाल्यावर थोरलीनं बोर्ड वाचला, "बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत. ज्वलनशील वस्तू असलेली वाहने सोडून जाऊ नयेत. आप्पा, आपुन ह्याच्याम्होरं फोटो काढला."

गेटवरचा गडी चांगला व्हता बिचारा. आईचं गाठुडं बघून हात जोडून म्हणला, "आजी, जेवण आत नाही नेता येत." आईनं त्याच्या खांद्यावरनं आत बघितलं. वरनं पाणी पडतंय, खालनं पाणी उडतंय, माणसं आरडत्यात.

"आज पाळी कुणाची हाय?" आईनं इचारलं.

"कसली पाळी, आजी?"

"पाण्याची. एवढं सोडलंय, कुणाच्या रानात चाललंय?"

"आजी, तेच पाणी फिरून परत वर जातं."

"मंग येवढा खटाटोप कशाला?" म्हणून आई मागं फिरली. तिचं पार्क बघून झालं.

पार्किंगवाला मातूर ऐकंना. "गाडीत टाकी हाय. माणूस ठेवल्याशिवाय गाडी सोडायची न्हाई. म्हातारी एकली चालणार न्हाई, टाकी बंद करता येणारं कुणीतरी लागंल."

घराला माणूस लागतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कॅलेंडरवरच्या बाप्याची टाकी कोण राखत व्हतं काय ठाऊक. मी मंडळींकडं बघितलं. माझ्या त्या बघण्यात काय व्हतं ते तिला बारा वर्सांत पाठ झाल्यालं.

"जावा तुमी," ती म्हणली.

"तासाभरात येतो. मंग तू जा."

"मला जायचंच न्हाई. तासाभरात या एवढंच करा. तवर ह्या पार्किंगवाल्यांना कुणाला जेवाय बोलवू नका."

आत गेलो तर धोतर-पायजमा चालत न्हाई म्हणले. भाड्यानं निळी चड्डी दिली. आता दुधाचा धंदा करणाऱ्या माणसाचं प्वाट कसं आसतं? ती चड्डी घालून मी आरशात बघितलं, तर निळ्या पिशवीतनं दूध उतू चाललंय आसं वाटलं. थोरली म्हणली, "आप्पा, माझ्यापासनं लांब चाला."

मी म्हणलं एकदा घसरून बघावं. वरनं बसलो आन् निम्म्यात अडकलो. पाणी माझ्या पाठीमागं तटलं, जणू पाटाच्या चारीला दार घातलंय. मागनं धाकटा आला, त्यो मला धडकला. त्याच्यामागं पुण्याचे एक गृहस्थ, ते धाकट्याला धडकले. शिट्ट्या वाजल्या. तुंबल्यालं पाणी एकदम सुटलं आन् आमी तिघं एकाच टायमाला खाली हौदात पडलो. ते गृहस्थ लई रागावले. मी त्यांना म्हणलं, "रागवू नका, बाहेर आमचं घर हाय, जेवायलाच या." सवय, दुसरं काय.

सांगाय लाज वाटती, पर मला मजा आली. लई मजा आली. लाटंच्या हौदात तर मी पोरांपेक्षा जादा आरडलो. तासाभराचं काय झालं मला ठावं न्हाई. थोरली दोनदा म्हणली, "आप्पा, आई." मी दोनदा म्हणलं, "ही शेवटची लाट." लाट काय मोजून येती व्हय? शेवटी जवा समद्यांना बाहेर काढाय लागले, तवा मी निघालो.

टेम्पोपाशी आलो तर आत शेगडी चालू. फळीवर बसून आई भाकरी थापत व्हती. खाली पार्किंगवाला आन् त्याचा जोडीदार, मांडीवर ताटं घिऊन. आईला सत्तरी लागल्याली, तिच्या हाताला पीठ लागून वर्सं झाली व्हती.

"आई, तू? आन् ती कुठंय?"

"धाडली मी तिला. जा म्हणलं, जरा पाय मोकळं कर."

"आन् भाकरी कशाला थापत बसलीस?"

"माझ्यापुरती एक टाकली, तर ह्ये दोघं वासावर आले. मी तुझीच आई, न्हाई म्हणता येत न्हाई."

"तुमच्या वाड्यात घोड्यावर सगळं बिऱ्हाड आसायचं म्हणत व्हतीस ना? मंग चालतंच की आसं," मी आपली बाजू घेतली.

आईनं भाकर तव्यावर टाकली. "चालायच्या दिशी आमी शिळं खायचो. चूल पेटवीत नव्हतो. बाया बी चालूनच दमायच्या की. मुक्काम पडला तर भाकर. तू दर दोन कोसाला मुक्काम टाकतोस आन् वर गाव जेवाय बोलावतोस."

वल्ल्या केसांनी पोरं घेतली आन् रस्ता ओलांडला. पलीकडं एक साधं हॉटेल व्हतं, पत्र्याचं. आत पंख्याखालच्या टेबलावर आमची मंडळी एकटीच बसली व्हती. म्होरं स्टीलचं ताट, तीन वाट्या, भात, पापड. हॉटेलच्या पोऱ्यानं तिच्या ताटात गरम चपाती टाकली आन् इचारलं, "ताई, अजून?" ती म्हणली, "आण." चपाती जाड व्हती, कडंला कच्ची. ती ती सावकाश खात व्हती, एकेक घास. बारा वर्सांत मी तिला बसून, गरम, सगळ्यांच्या आधी जेवताना बघितलंच नव्हतं. पोरं जाऊन तिच्या दोन बाजूंना बसली. तिनं दोघांना एकेक घास दिला.

मी म्होरं उभा, मुठीत टोपी. काहीतरी बोलावं म्हणून बोललो. चांगलं बोलायला आलो व्हतो, पर सवयीनं तोंडातनं इनोदच निघाला. "अगं, बाहेर एवढं घर उभं आसताना हाटेलात जेवतीस? लोक काय म्हणतील?"

पोऱ्या हसला. धाकटा हसला. ती हसली न्हाई. तिनं पापड मोडला, निम्मा थोरलीला दिला.

"बसू का?" मी म्हणलं.

तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या वल्ल्या डोक्याकडं, मग रस्त्यापलीकडच्या टेम्पोकडं.

"बायकूला फिराय न्यायचं म्हंजी घर मागं सोडून न्यायचं असतं," ती म्हणली. "तुमी घरच वढत आणलं. आता त्यात तुमीच ऱ्हावा."